मिठागराचे हात

पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये शशिकला घरत सोळा वर्षं रिपोर्ट टाइप करते. कोलॅजेन, कार्टिलेज, फायब्रोब्लास्ट, एकाही शब्दाची तिच्याकडे चुकायची बिशाद नाही. अर्थ तिला कुणी सांगितला नाही, तिनेही विचारला नाही. टायपिस्टला अर्थाशी काय करायचंय?

तिची आई मालू गव्हाणची. तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. तीन वर्षांपूर्वी मालूच्या बोटांची कातडी ताठ व्हायला लागली, थंड पाण्यात बोटं पांढरीफटक पडायला लागली, तेव्हा शशिकला म्हणाली, "मिठागराचे हात हायत, आय. असंच होतंय." विषय संपला. वडील गेले तेही तसलेच राठ तळवे घेऊन. मिठाने कातडं राठ होतं, हे त्या घरात शाळेत जाण्याआधीच कळतं. पुढे मालूची मूठ वळेना, भाकरी थापता येईना, तरी संपलेला विषय कुणी उकरला नाही.

गेल्या आठवड्यात मालू शशिकलाचा घरी विसरलेला डबा द्यायला लॅबमध्ये आली आणि लॅबच्या डॉक्टर दिपिका मॅडमचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरकडून तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढवून घेतला.

आज मॅडम रिपोर्ट सांगत गेल्या, शशिकला टाइप करत गेली. कोलॅजेनचे जाड, एकाला एक चिकटलेले पट्टे. निदान, स्क्लेरोडर्मा.

"म्हणजे काय हो, मॅडम?" सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं.

"शरीर नको तितकं कोलॅजेन बनवतं. कातडी आवळत जाते, कधीकधी फुप्फुसंसुद्धा. पण आईंना हा त्रास सुरू होऊन सहाच महिने झालेत ना? मग लवकर सापडलं."

फॉर्म भरताना मालूने तसंच सांगितलं होतं.

शशिकलाला रडू आलं नाही. खरं तर काहीच आलं नाही. तिने 'सहा महिने' पुसलं आणि 'तीन वर्षं' टाइप केलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. मॅडमनी छातीच्या स्कॅनची चिठ्ठी लिहिली. पुढचा रिपोर्ट कुणाच्या तरी गुडघ्याचा होता. तोही तिने बिनचूक टाइप केला.

संध्याकाळी विचुंबे गावातल्या आपल्या घरी तिने आईला सगळं सांगितलं. मग विचारलं, "सहा म्हैने कशाला सांगितलास, आय?"

"तू डाक्टरांकडं कामाला," मालू म्हणाली. "तीन वर्सा बोलले असते, तर तुना सगली हसली असती."

शशिकलाने आईचा हात हातात घेतला. तीन वर्षांपूर्वी ती त्या हाताबद्दल एका वाक्यात बोलून मोकळी झाली होती. हात लावून पाहिला नव्हता.