खांदा सैल सोडा

माझे वडील फटफटी शिकवायचे. पोटासाठी नव्हे. पोटासाठी ते अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत चपराशी होते आणि टपालाची पिशवी सायकलला अडकवून गावभर फिरत. फटफटी हा त्यांचा शौक, आणि गरिबाचा शौक म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करायचा शौक. गाडी डॉक्टरची, पेट्रोल डॉक्टरचं आणि मागच्या सीटवर माझा बाप.

मोठ्या लढाईत ते पलटणीत होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला फटफटीवरून कागद पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. कधी मोठा साहेब आला की त्याच्या मोटारीपुढे फटफटी घेऊन चालायची पाळीही त्यांच्यावर यायची. ही पुढे चालायची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की आमच्या मोहल्ल्यातली शेंबडी पोरंसुद्धा ती मधूनच उचलून पुरी करत. लढाई संपली, ते घरी आले आणि मिलिटरीच्या जुन्या फटफट्या लिलावात निघून अमरावतीच्या बड्या लोकांच्या दारात उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्याच राहिल्या, कारण चालवता कोणाला येत होत्या?

मग बाबांना बोलावणी यायची. सुटीच्या दिवशी सकाळी ते मैदानावर जात. शिकणाऱ्याला पुढे बसवत, स्वतः मागे बसत आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवत. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळं शिकवणं हातांनी. उजवा खांदा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, दोन्ही दाबले की ब्रेक. डॉक्टर असे शिकले, वकील असे शिकले, जिनिंगवाल्या शेटजींचा मुलगा असाच शिकला. मी डबा घेऊन जायची तेव्हा लांबूनच बाबांची हाक कानावर यायची, "वकीलसाहेब, खांदा सैल सोडा."

बाबा म्हणत, पहिल्या दिवशी प्रत्येकाचा खांदा लाकडासारखा ताठ असतो. हात ठेवला की आक्रसतो. आठ-पंधरा दिवसांनी तो एकदम सैल पडतो, आणि ज्या दिवशी पडला त्या दिवशी माणसाला फटफटी आली समजायचं.

"भेतात बिचारे," ते घरी येऊन सांगायचे.

"फटफटीले नाई भेत," माय म्हणायची. "तुमच्या हाताले भेतात."

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो होतो. घरातले देव गेले, मोहल्ल्यातल्या माणसांनी लोकांच्या मयतीत आणि वरातीत वाजवायचं सोडलं. डॉक्टरांच्या ओसरीतल्या कोनाड्यातला बाबांचा कप मात्र गेला नव्हता. कान तुटलेला तो कप. शिकवून झालं की त्यात बाबांना चहा मिळायचा, आणि चहा पिऊन झाला की ते स्वतः तो विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. मायच्या डोक्यातून हा कप कधी उतरला नाही.

"कप अलग, अन् खांदा एक?" ती विचारायची. "कावून खोटं समाधान करून घेता?"

बाबा चिडत नसत. ते हसून म्हणत, "खांदा सैल पडला का माणूसही सैल पडते. मी मेलो का पाह्यजो तू, चारी खांदे माह्या शागिर्दाइचे रायतीन."

"रायतीन. तुमी मरून तर पाहा."

या भांडणावर आमचं घर वर्षानुवर्षं हसलं. मीही हसले. मला वाटायचं, दोघं म्हातारी होतील, तोवर हे असंच चालू राहील.

बाबा म्हातारे झालेच नाहीत. पलटणीतून आणलेला छातीचा विकार हिवाळ्यात उचल खायचा, तो एका हिवाळ्यात बसलाच नाही. मी तेव्हा मास्तरकीचं ट्रेनिंग करत होते. डॉक्टर स्वतः दोनदा घरी येऊन गेले, हे सांगितलं पाहिजे. ते दाराशी टाकलेल्या खाटेजवळ उभे राहिले, औषध दिलं आणि जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. बाबा त्यांना म्हणाले, "साहेब, उतारावर क्लच दाबून ठेवत जाऊ नका." तेच त्यांचं शेवटचं शिकवणं झालं.

ते पहाटे गेले. सकाळी मोहल्ल्यातली माणसं बांबू, सुतळी आणायला धावली. लढाईवर गेलेला माणूस होता, पण अशा माणसाला सरकार सलामी देत नसतं. कचेरीतून एक बाबू आला, हळहळला आणि गेला. मला बाबांसाठी फार वाईट वाटत होतं. साहेबाच्या मोटारीपुढे चाललेला माणूस, आणि त्याच्यापुढे कोणी नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने तो ओळखीचा आवाज आला. एक नाही, बऱ्याच फटफट्या. गल्लीच्या तोंडाशी त्या एकामागून एक येऊन थांबल्या. डॉक्टर, वकील, शेटजींचा मुलगा, बडनेऱ्याचे रेल्वेतले एक साहेब आणि परतवाड्याहून निघालेला एक लाकडाचा ठेकेदार, तो तर धुळीने पांढरा झाला होता. कोणी कोणाला निरोप दिला देव जाणे. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. वकील पुढे आले आणि माझ्या मामाला म्हणाले, "ते साहेबांच्या पुढे चालायचे. आज आम्ही त्यांच्या पुढे चालणार."

मला रडू फुटलं. तोवर मी रडले नव्हते. मी वळून मायकडे पाहिलं, तर ती खाली बघत होती. बाबा जिंकले, असं माझ्या मनात आलं. त्या घडीला दुसरं काही सुचलंच नाही.

तिरडी उठली. दोन मामा, एक चुलतभाऊ आणि शेजारचे हमालकाका असे चौघे खांद्याला. पुढे फटफट्यांची जोडीजोडीने रांग, मागे मोहल्ला, आणि मागच्या बायांत माय आणि मी. बायांनी मसणात जाऊ नये म्हणणारे होते, पण मायने कोणाला विचारलंच नाही.

फटफटी मयतीच्या चालीने चालत नाही, हे त्या मोठ्या माणसांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला पळायची सवय. पावलापावलाने नेऊ लागले तर इंजिनं तापली, धूर निघायला लागला, एक खोकून बंद पडली, मग दुसरी. बाबा असते तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता. चौकात येईतो सगळ्यांनी इंजिनं बंद केली, खाली उतरले आणि हँडल धरून गाड्या ढकलू लागले. केवढाली ती लोखंडी धुडं. डॉक्टरांचं धोतर साखळीत अडकत होतं. वकिलांच्या पाठीवर घामाचा डाग वाढत होता. दुकानदार उठून उभे राहिले, कोणी टोप्या काढल्या. मोठ्या रस्त्यावरून आमच्या मोहल्ल्यातली मयत अशी कधी गेली नव्हती.

नाल्याच्या चढावर धाकट्या मामाचा पाय लटपटला. त्याने वाटेत थांबून हाक दिली, "खांदा बदला रे."

ही हाक कोणाला उद्देशून नसते. जो जवळ असेल त्याने यायचं असतं. आणि सगळ्यांत जवळ, दोन हातांवर, फटफटीवाले होते. ते थांबले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. चढामुळे मागूनही मला सगळं दिसत होतं. मी मायचा हात धरला. डॉक्टरांनी हँडलवरचा एक हात काढला, अगदी काढला, मी पाहिलं. गाडी कलली. त्यांनी झटकन तो हात परत हँडलला लावला. वकील खाली चाकाकडे बघू लागले. शेटजींच्या मुलाने कपाळ पुसलं. आणि मागून, गर्दीतून वाट काढत, आमच्या मोहल्ल्यातले साठीचे एक आजोबा आले आणि त्यांनी धापा टाकत मामाच्या जागी खांदा दिला.

मग मिरवणूक पुढे चालू लागली. आमच्या मसणापर्यंत ते सगळे आले, ज्या वाटेला त्यांच्यातला कोणी कधी फिरकला नसेल त्या वाटेने. त्रिशरण झालं. अग्नी दिल्यावर त्यांनी फटफट्या चालू केल्या आणि सगळ्यांनी मिळून इंजिनं घुमवली. तीच सलामी. वकील लहान मुलासारखे रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर माझी पंचाईत आहे. नंतर ते आपापल्या घरी गेले. जाऊन त्यांनी आंघोळ केली असेल. मयतीहून आल्यावर सगळेच करतात, म्हणून त्याचं मला काही म्हणता येत नाही.

पुढे मी अकोल्याच्या शाळेत लागले. तिथे शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी बरेचदा सांगितली, नाल्याच्या चढावरचं गाळून, आणि इंजिनांच्या सलामीपाशी थांबले. ऐकणारे म्हणायचे, वा, काय मान मिळाला तुमच्या वडिलांना. मान मिळालाच, मी नाही कुठे म्हणते? पण पुढचं मी सांगत नसे.

पुढचं असं. आम्ही परत आलो. दारात पाण्याची बादली ठेवलेली होती. माय पायांवर पाणी घेत होती आणि शेजारणी भोवती उभ्या राहून तेच तेच बोलत होत्या. एवढे मोठे लोक, एवढ्या फटफट्या, ढकलत नेल्या. त्यातल्या एकीने मात्र विचारलं, "अवं, पण खांदा कोणंच नाई देल्ला?"

आयुष्यभर ज्या बाईने बाबांना त्या कपावरून टोचलं होतं, ती मान वर न करता म्हणाली, "कसा देतीन वं? त्याइचे हात गुतले होते ना."

शेजारणी हो हो म्हणत गेल्या. माझ्या अंगाची आग झाली. आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी म्हटलं, "माय, फटफटीले स्टँड असते."

तिने बादलीतलं उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं.

"असते," ती म्हणाली. "मले का मालूम नाई? पण आजच्या दिवस तुह्या बाबाचंच खरं राहू दे."