बुद्धाच्या देशातली पोरगी

माझी बहीण रचना जपानहून सुटीवर आली, त्याला आठवडा झाला होता. त्या आठवड्यात ती एका जागी धड बसलेली मी पाहिली नाही. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून सडकेवर, सडकेवरून परत. आई म्हणाली, "पोट्टीच्या पायाले भिंगरी लागली हाय का बाप्पा?" रचना हसली आणि पुन्हा अंगणात गेली.

आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळ, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. मी रत्नपाल, अर्जुनीत मोटारपंप दुरुस्त करतो. आमचे बाबा केवळराम धानाची शेती करतात आणि उरलेला सगळा वेळ विहारात घालवतात. रचना नर्सिंग शिकली, जपानी भाषा शिकली आणि पाच वर्षांपूर्वी तिकडच्या एका लहान शहरात वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची, हे तिचं काम. गावाच्या लेखी मात्र ती 'जपानवाली', आणि जपान कसं आहे हे गावाला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक.

सकाळी चहाची वेळ झाली की लोक यायचे. बिसराम किराणावाला म्हणाला, "तिथं सडकेवर पाकीट पडलं त कोणी उचलत नाही म्हणते." शामकला मावशी म्हणाली, "सारी कामं मशीनच करते ना वं? मंग तुले कायले नेलं?" विहारातल्या कवडूबाबांनी विचारलं, "तिथं जात त पुसत नाहीत ना?"

"नाही," रचना म्हणाली. "जात पुसत नाहीत. जेवली का, हेही पुसत नाहीत."

पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. कवडूबाबांनी मांडीवर थाप मारली. दुसरं कोणाच्या कानात शिरलं नाही.

"अन् मायबापाची लय सेवा करत असतीन," शामकला मावशी म्हणाली.

"मावशी, त्याच मायबापांची सेवा मी करून राहिली. पोरं वर्षातून एकदा येतात."

"असं कसं होईन?" मावशीने बशीतला चहा फुंकला आणि विषय मिटला. स्वतः पाहिलेलं सांगणाऱ्या माणसालाच लोक खोटं पाडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. पण रचना वाद घालत नव्हती. उठून सडकेवर जात होती.

सगळ्यात पक्कं जपान होतं बाबांकडे. बिनलग्नाची पोरगी एकटी परदेशी चालली म्हणून काका-मामांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांचं उत्तर एकच, "परदेशी नाही जाऊन राहिली. बुद्धाच्या देशात जाऊन राहिली." आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. बाबा वाढले ते याच विहाराच्या ओट्यावर. नकाशात जपान कुठे आहे हे त्यांना बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण तिथे घरोघर वंदना होते, हे ते छातीठोक सांगत.

आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. रचना गेली त्याच महिन्यात ती फोनवर बोलत असताना मागे काहीतरी वाजलं. संथ, गोड सूर, सगळ्या शहरावर पसरल्यासारखा. बाबांनी विचारलं, "हे काय वाजून राहिलं?" रचना घाईत म्हणाली, "पाच वाजले ना बाबा. रोज वाजते." बाबांनी फोन खाली ठेवला आणि हात जोडले. आख्ख्या शहराला वंदनेला बोलावणारा देश! आपल्या गावात तर सायंवंदनेला घरोघर हाका मारत फिरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी विहारात पोचली. तेव्हापासून, तिकडे पाच म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड, या वेळेला आमच्या विहारात 'जपानची वंदना' सुरू झाली. रचना कामाच्या मधल्या सुटीत फोन लावायची. बाबा मोबाइल बुद्धमूर्तीपुढे ठेवून आवाज मोठा करायचे. सूर वाजले की सगळे नतमस्तक व्हायचे, मग त्रिशरण, पंचशील. भर वैशाखात, तापलेल्या टिनाखाली, पांढरे कपडे घालून घामाने निथळत म्हातारे बसायचे. मी एकदा म्हणालो, "बाबा, उन्ह लागन कोणाले." बाबा म्हणाले, "तिथं बर्फात बसतेत लोक."

परवा रचना मला पाळीवर घेऊन गेली. तिथेही तिला बसवेना. चालता चालताच बोलली.

"दादा, बाबांनी पासपोर्ट काढला."

"मीच नेलं होतं त्या कामाले."

"ते म्हणतात, मी तुयासंगं येतो, त्या विहारात बसून वंदना घेतो. दादा, माझ्या घराजवळच्या विहाराले कुलूप राहते. कोणी मेलं की उघडते. तिथल्या भंतेजीले बायको आहे, दोन पोरं आहेत. दुसरीकडे असतील चांगले, मले नाही माहीत. माझ्या गल्लीत हेच आहे."

"अन् ते पाचचं वाजते ते?"

"ते नगरपालिकेचं गाणं आहे. खांबावरच्या भोंग्यातून वाजवतात. तुमी सारे वंदना म्हणून बसाले लागले, मंग मले सांगाची हिंमतच नाही झाली."

मला आधी हसू आलं आणि लगेच राग आला. कोणाचा ते कळेना. पाच वर्षं आमचे म्हातारे नगरपालिकेला नमस्कार करत होते! मी म्हणालो, "झाकली मूठ राहू दे. बाबांचं मन मोडन."

"अन् तिथं येऊन पाहतील तेव्हा? त्या कुलपासमोर उभे राहतील तेव्हा मी काय करू?"



दुसऱ्या दिवशी विहार भरलं. रचना इथे, मग तिकडून फोन कोण करणार? बाबांनी तीही सोय केली होती. रचनाच्या खोलीत राहणाऱ्या नेपाळी मुलीला त्यांनी स्वतःच हिंदीत गळ घातली होती. दीडला फोन आला, सूर वाजले, सगळे वाकले. मग बाबांनी खिशातून पासपोर्ट काढून मूर्तीपुढे ठेवला. "गाववाल्यांच्या वतीनं मी रचनासंगं तिथं जाऊन..." एवढंच ते बोलले.

रचना उठून उभी राहिली. "बाबा, ती वंदना नाही."

आणि तिने सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघून. कुलूप, भंतेजींची बायको-पोरं, खांबावरचा भोंगा.

"म्हंजे आमी भोंग्याच्या पाया पडून राहिलो?" कवडूबाबा म्हणाले. मागे कोणीतरी फस्सकन हसलं. आईने वळून असं पाहिलं, की हसू तिथेच मेलं.

बाबांनी पासपोर्ट उचलला. मला वाटलं, आता फाडतात. मला रचनाचा राग आला, खोटं कशाला सांगू, फार राग आला.

"मंग वाजवतेत कायले?" बाबांनी विचारलं.

"भूकंप आला त लोकांले सावध कराले भोंगा चालते का नाही, ते पाहाले. अन् खेळणाऱ्या पोरांले सांगाले, की संध्याकाळ झाली, आता घरी जा."

"घरी जा म्हणते?"

"हो."

"अन् तू रोज त्याच वक्ताले फोन करत होती."

रचना हळूच म्हणाली, "ते वाजलं की मले राहवत नाही, बाबा. सारे आपापल्या घरी जातात."

कवडूबाबा काही बोलायला गेले, बाबांनी हातानेच थांबवलं. पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिसा वरून दाबून पाहिला.

"मंग त मले यावाच लागते," ते म्हणाले. "महिनाभर का होईना. घरी कोणीतरी असाले पाहिजे ना."

रचना तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडू लागली. कोणी तिला गप्प केलं नाही.