दर बाजाराला तुटणारं बटण

खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवांत बसलो की मला आजही आठवते ती घटना, जिच्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती, मी शिरूर तालुक्यात फौजदार होतो. थंडीत घोड नदीवरचं धुकं पेठेत शिरायचं आणि दहा वाजेपर्यंत सगळा बाजार अर्धवट झोपेत असायचा.

त्या महिन्यात पेठेत दोन दुकानं फुटली होती. त्यामुळे एका भांडीवाल्याने आमच्या बीट हवालदारांना खबर दिली तेव्हा मी कान टवकारले. एक अनोळखी इसम दर आठवडे बाजाराला शेजारच्या शिलाईच्या दुकानात येतो, शर्टाचं एक बटण लावून घेतो आणि समोरच्या टपरीवर दोन-दोन तास दुकानाकडे बघत बसतो. दुकान एका बाईंचं. वय पस्तिशीचं, लग्न केलेलं नाही, वडील वारल्यापासून मशीन त्याच चालवत.

"पाळत ठेवतोय साहेब, दुसरं काय," हवालदार म्हणाले. मलाही तेच वाटलं. दर आठवड्याला बटण तुटतं कुणाचं?

पुढच्या बाजाराला साध्या वेशात जाऊन आम्ही त्याला उचललं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि समोर बसवलं. चाळिशीचा, शांत माणूस. मनगटापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. दौंडकडच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होता, म्हणजे काहिलीत, रस आटवायच्या मोठ्या कढईत, शिजलेला गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा.

"बटण ब्लेडनं कापतोस?"

"न्हाई साहेब, शप्पत. आपोआप पडतंय. मला बी नवल वाटतं."

"संशयित म्हणून कलम एकशे नऊखाली आत टाकीन."

"टाका. पर त्यांना हितं बोलवू नका."

इथे मी थांबलो. दुकानावर डोळा असणारा माणूस मालकिणीच्या अब्रूची काळजी करत नाही. मी त्याचा शर्ट मागून घेतला. बटण लोंबत होतं. दोरा कापलेला नव्हता, नुसता सुटत आला होता. उलटून पाहिलं तर मागे गाठच नव्हती. खुंटीवर माझी वर्दी होती, तिची बटणं त्याच बाईंनी लावलेली. एक ओढून बघितलं. कापड फाटलं असतं, बटण हललं नसतं.

मग मात्र महिला शिपाई पाठवून बाईंना बोलावलंच.

"यांना ओळखता?"

"न्हाई."

"मग यांच्याच बटणाला गाठ का मारत नाही?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "मारली असती तर ते परत आले असते व्हय?"

तो माणूस खुर्चीवरून उठून उभाच राहिला. त्याला हे तोवर माहीत नव्हतं.

मग दोघांच्या बोलण्यातून कळलं ते असं. बारा वर्षांपूर्वी त्यांची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. पसंती आधी त्यांची, घरच्यांची नंतर. पाहुणे जमले, जेवणं झाली, नवरदेवाचा पत्ता नाही. बाईंच्या वडिलांनी भर पाहुण्यांत सोयरीक मोडली. पुढे वडील गेले, मग हा, तोही बिनलग्नाचाच राहिलेला, बटणाच्या निमित्ताने येऊ लागला. दोन महिने झाले, तरी बटणापलीकडे एक शब्द नाही.

बाईंनी आता त्याच्याकडे तोंड केलं. "त्या दिवशी का न्हाई आला?"

"काहील चढली हुती. शेतकऱ्याचा गूळ जळला असता. म्हटलं, उतरवतो आन् येतो."

"ते दोन तासांचं झालं. बारा वर्सांचं काय?"

मी अनेकांना बोलतं केलं आहे, पण इतका अचूक प्रश्न मला सुचला नसता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "भ्यालो," एवढंच तो म्हणाला.

बाईंनी पदर सावरला. "पुढच्या बाजाराला मामा-चुलते घेऊन या. आन् सगळ्यांच्या आधी तुमी या."

डायरीत मी लिहिलं, 'विचारपूस करून सोडून दिले.' हवालदार उगाच खिडकीबाहेर बघत होते. मलाही कधी नव्हे ते फार बरं वाटत होतं.

वाट बघणारा माणूस काही बोलत नाही, तक्रार करत नाही. आपण समजतो, त्याने आशा सोडली. मीही आधी तसंच समजायचो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बेपत्ता माणसाची एकही फाइल, घरचे विचारायला यायचे थांबले तरी, मी घाईने बंद केली नाही.