हिराबाईचा अडकलेला गिअर

आमच्या केळवे-माहीमला हिराबाईच्या गाडीची जितकी चर्चा होते, तितकी सरपंचाच्या निवडणुकीचीही होत नाही. आणि त्यातली निम्मी मी, शेजारची काशी, करते. कुंपणाला कुंपण लागून आहे, कान काय कापून टाकू?

डावा गुडघा कामातून गेला तेव्हा हिराबाईने मासळीची टोपली डोक्यावरून उतरवली, पण ती घरी बसली नाही. तारापूरहून बदलून गेलेल्या एका साहेबाची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला सुट्टी. मागची सीट काढून तिथे बर्फाचे डबे ठेवले आणि रोज सकाळी बोईसरच्या बाजारात जाऊ लागली. बाजारातल्या बाया "मॅडम आल्या गो!" म्हणून टोमणा मारतात. ही उत्तर म्हणून हॉर्न वाजवते.

तिचा मुलगा मितेश बोईसरला कारखान्यात सुपरवायझर. आईच्या गाडीला बोंबलाचा वास येतो, लोक हसतात, हे त्याचं दुःख. गाडी विकायला तो निमित्तच शोधत होता.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते मिळालं. इंजिन चालू होई, पण गिअरचा दांडा 'पी'वरून हलेना. 'पी' म्हणजे गाडी उभी ठेवायची जागा. पुढे जायचं तर दांडा 'डी'वर यायला हवा. हिराबाईने ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी दांडा ओढला, शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही, पण ऐकल्या सगळ्या.

मितेश बबलू मेकॅनिकला घेऊन आला. बबलूने बाहेर उभ्यानेच दांड्याला एक हिसका दिला आणि हात झटकले.

"आंटी, गिअरबॉक्स गया."

"झालं!" मितेश म्हणाला. "उमरोळीचा भंगारवाला तयार आहे, दुपारी येतोय. आई, बस झालं आता, तू घरी बस."

"तू बस घरी!" हिराबाई स्टीअरिंगमागे जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. "भंगारवाल्याला सांग, गाडी न्यायची तर माझ्यासकट न्यायची. वजन जास्त भरंल. काय रं बबलू, उघडून बघितलंस?"

"खोलने की जरूरत नहीं, आंटी."

"आमी मासा घेताना कल्ला उचलून बघतो, मग बोलतो ताजा का शिळा. तू नुसतं शेपूट धरून मयत सांगतोस? उघड!"

मी कुंपणावरून म्हटलं, "बबलू, उघड बाबा. नायतर आज जेवण इथेच करावं लागंल तुला."

बबलूने मुकाट्याने तिला ब्रेक दाबायला सांगितलं आणि मला मागे उभं केलं. "लाइट जलती है?"

"लागलेत! लालेलाल!" मी ओरडले. एवढं महत्त्वाचं काम मला याआधी कुणी दिलं नव्हतं.

म्हणजे दांड्याचं लॉक सोडणारा ब्रेकचा निरोप पोचत होता. मग त्याने दांड्याशेजारचं इवलंसं झाकण उचकटलं आणि आतल्या भोकात किल्ली दाबली. दांडा कुरकुरत निघाला! हिराबाईने तो 'डी'वर आणून ब्रेकवरून पाय काढला, आणि गाडी माझ्या कुंपणाची काठी मोडूनच थांबली.

"गिअरबॉक्स अच्छा है," बबलू खजील होऊन म्हणाला. "दांडे का लॉक अटका है."

त्याने दांड्याभोवतीचं कव्हर काढलं. आत सगळं चिकट. त्यात हळद, कुंकू, तांदळाचे दाणे आणि मुंग्यांची जत्रा. हे काय, म्हणून सगळे वाकून बघू लागले. मी सोडून.

आदल्या दिवशी मी बघितलं होतं ना! नवऱ्याची, पुंडलिकची, होडी पुजून झाल्यावर हिराबाई तेच ताट घेऊन गाडीत शिरली. होडीला सुकाणू, तसा गाडीला दांडा, म्हणून त्याला हळदकुंकू, अक्षता, आणि वरून अख्ख्या नारळाचं पाणी. आरतीला टाळ्या मीच वाजवल्या होत्या, तेही सांगून टाकलं.

"म्हणजे गाडी तूच बिघडवलीस!" मितेशला जोर चढला.

"हो, मीच. मग?" हिराबाई जागची हलली नाही. "होडी वाळूत रुतली तर आमी ढकलतो, मोडीत नाय काढत. बाबाला इचार. गाडी माझी, नारळ माझा, मुंग्या पण माझ्याच. तुझं काय हाय यात?"

बबलूने लॉकची खिट्टी पुसून कोरडी केली. दांडा 'पी'वरून 'डी'वर, 'डी'वरून 'पी'वर लोण्यासारखा सरकला. मी विचारलं, "काय गो हिरा, पुढच्या पुनवेला पूजा बंद ना?"

"बंद कशाला? दांड्याला कुंकू लावणारच. नारळ बंपरवर फोडीन. तुझं कुंपण सांभाळ."

मितेशला कारखान्यात जायला उशीर झाला होता. तो पुढचं दार उघडायला गेला, तर हिराबाईने आतून कडी लावली.

"पुढं काशी बसंल, तिनं दिवे बघितलेत. तू मागं बस, बर्फाच्या डब्यावर."

भंगारवाल्याला 'येऊ नको' असा फोन मितेशने त्या डब्यावर बसूनच केला. मी मान वळवून ऐकत होते.