भातकुलीच्या उन्हात टिकणारा फॅन

यास्मीन हट्टी आहे हे मी वेगळं सांगायला नको, भातकुलीत कोणालाही विचारा. तिच्या फोटो स्टुडिओला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिचा हट्ट मला दिवसभर ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत मला गोरं कर. ही म्हणते, "आहे तशीच चांगली दिसतेस, बस सरळ." गिऱ्हाईक रुसून जातं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं, कारण तालुक्यात लग्नाचं मिक्सिंग तिच्यासारखं कोणी करत नाही.

मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या शूटिंगची काटछाट करायची, गाणी घालायची, नवरानवरीच्या नावाभोवती फुलं फिरवायची आणि डीव्हीडी बनवायची. हे ती अकोल्याला सासरी शिकली. सासरची फोटो-व्हिडिओची लॅब होती. पुढे नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा सासरचा माउस खिशात घालून माहेरी आली, असं गावात बोलतात. माउस तिचाच होता, मी स्वतः विचारलं आहे.

दुकानाची जागा तिच्या मोठ्या भावाची, अब्दुल रहीम यांची. रहीमभाई वखर, डवरे, तिफणी अशी शेतीची अवजारं भट्टीवर बनवतात. घरात हे बहीणभाऊ उर्दू बोलतात, माझ्यासमोर वऱ्हाडी. माणूस सरळ, पण दोन हजार बाराच्या त्या उन्हाळ्यात त्यांच्या भट्टीला काम उरलं नव्हतं. कपाशीनं लागोपाठ दगा दिला होता, लोक बैलच विकत होते, तर वखर कोण करून घेणार? त्यातच एक मोबाइलवाला ती जागा भाड्यानं मागत होता. लोकांनी वेगळाली लग्नं करणंही सोडलं होतं, सगळी सामूहिक मांडवात उरकत होती. यास्मीनच्या हातात मोठं काम एकच होतं, आमच्या तालुक्याच्या सामूहिक विवाहाचं. मांडव एकच, पण प्रत्येक जोडप्याला आपापल्या नावाची, आपापल्या गाण्यांची डीव्हीडी हवी होती.

रहीमभाई माझ्यासमोरच तिला म्हणाले, "हे काम महिनाअखेर दिलं, त दुकान तूच ठेव. नाही झालं, त मी मोबाइलवाल्याले हो म्हनतो. मंग रडू नोको."

"रडते कोन?" यास्मीन म्हणाली.

काम अडलं ते कॉम्प्युटरपाशी. सगळं जुळवून झालं की कॉम्प्युटरला ते एकसंध करायला लावायचं, त्याला रेंडर म्हणतात. त्यात तासन्‌तास जातात. त्या वर्षी लाइन सकाळी जायची, संध्याकाळी जायची, रात्री तर तिचा भरवसाच नव्हता. राहायची ती नेमकी भर दुपारी, म्हणजे रेंडर व्हायचं ते भातकुलीच्या मे महिन्यातल्या दुपारी. नवरी हार घालायला हात वर करायची आणि पडदा काळा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडून मला यास्मीनच्या शिव्या ऐकू यायच्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

रोग सापडायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कामाला लागला की तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर छोटा फॅन. फार तापलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडते. प्रोसेसरच्या खोक्यासोबत आलेला तो फॅन हिवाळ्यात बरा होता. मेमध्ये मात्र त्याला स्वतःलाच वाऱ्याची गरज होती.

तेव्हा यास्मीननं जे केलं ते आमच्याकडे कोणीही करील. वऱ्हाडात घरातलं जे माणूस सगळ्यात नाजूक, त्याला कूलरसमोर जागा मिळते. बाळंतीण, आजारी माणूस, पुण्याहून आलेला जावई. यास्मीननं ती जागा कॉम्प्युटरला दिली. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, पाण्याचा मोठा कूलर थेट त्याच्या पोटावर लावला आणि स्वतः घाम पुसत बसली. थोडे दिवस मशीन चालली. मग ती पुन्हा बंद पडू लागली.

"चला शकुनताई," ती मला म्हणाली, "अमरावतीले जाऊ. चांगला फॅन पाहू."

मला झेरॉक्सचा टोनर आणायचाच होता. राजापेठेत नागसेन म्हणून एक मुलगा कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो, त्याच्याकडे गेलो. त्याच्या दुकानात एसी होता. मी तर तिथेच मुक्काम करायला तयार होते. नागसेननं दोन फॅन आपापल्या ठोकळ्यांसकट काढून ठेवले. एक उंच, तांब्याच्या नळ्यांचा, पाती अशी दाट की त्यात कागद शिरणार नाही. दुसरा बुटका, पाती विरळ, दिसायला अगदीच गरीब. त्यानं दोन्ही आळीपाळीनं आपल्या मशीनवर बसवून तापमानाचे आकडे दाखवले. उंचाचा आकडा कितीतरी खाली.

"हाच घेऊन जा, ताई. याच्यासारखा दुसरा नाही."

"एसी बंद कर," यास्मीन म्हणाली.

"काहून?"

"माह्या दुकानात एसी नाही, म्हनून."

नागसेन हसला, पण त्यानं एसी बंद केला. दुकानातली बाकी गिऱ्हाइकं आमच्याकडे खाऊ की गिळू अशी पाहू लागली. तरीही उंच फॅनच जिंकला. नागसेन भला पोरगा, दोन्ही फॅन त्यानं परतीच्या बोलीवर दिले. "खोके फाडू नोका फक्त," म्हणाला.

दुकानात परतल्यावर यास्मीननं उंच फॅन बसवला. त्याचं डोकं इतकं वर आलं की कॅबिनेटचा पत्रा लागेना. नाही तर नाही, तसाही तो काढलेलाच होता, समोर कूलर सुरू होता. रेंडर एका दमात झालं. आम्ही दोघींनी चहा केला, मी साखर जरा जास्तच घातली. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याभरात आकडा चढू लागला. आधी थोडा, मग भलताच. एका दुपारी पुन्हा पडदा काळा. यास्मीननं फॅन उतरवला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. पात्यांच्या मधल्या फटी बुजून गेल्या होत्या. धूळ नव्हती ती नुसती. पांढरी, खरबरीत, धुळीत कालवलेली खपली होती. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं.

"शी, काय खाते?" मी ओरडले.

"खारट हाये."

मग तिनं स्टुडिओतल्या आरशाकडे पाहिलं. गिऱ्हाईक केस विंचरतं तो आरसा कूलरच्या तोंडासमोरच होता, आणि कितीही पुसला तरी त्याच्यावर पांढरे ठिपके यायचे. मी रोज पाहत होते, तीही पाहत होती. आमचा सगळा मुलूख खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, पण कूलरमध्ये आम्ही तेच भरतो, दुसरं आणणार कुठून? कूलरच्या गवतातून त्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर उडतात. यास्मीननं इतके दिवस आपल्या हातानं मशीनला मीठ पाजलं होतं. जुन्या फॅनलाही आणि आता या उंचालाही. त्याची पाती जितकी दाट, तितकं मीठ जास्त अडकलं.

मी म्हटलं, "फॅन धुऊन परत दे त्या नागसेनला आणि मुकाट्यानं घरी बस आता." मला राग आला होता, तिचा नव्हे, त्या पाण्याचा. महिनाअखेर अगदी दाराशी आली होती.

ती बसली नाही. तिनं बुटका फॅन बसवला, पत्रा स्क्रूनं घट्ट लावला आणि कूलर बंद केला. पूर्ण बंद. मग त्याच लग्नाचा तोच तुकडा पुन्हा रेंडरला लावला, जो प्रत्येक फॅनवर लावून पाहिला होता. मंगलाष्टकं, सप्तपदी, बौद्ध जोडप्यांचं त्रिशरण, सगळं क्रमानं. खोलीत बसवत नव्हतं. पडद्यावरचा आकडा वर गेला, धोक्याच्या जरा अलीकडे थांबला, आणि तिथेच राहिला.

नागसेनला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, साफ केल्यावर उंचाचा आकडा अजूनही याच्यापेक्षा कमी येईन."

"मले गार मशीन नाही पायजे, नागसेन. मले बंद न पडनारी पायजे. त्याले पत्रा लागत नाही, उघड्यात धूळ बसते, त रोज घासत बसू का? हा ठेवते मी."

पुढचे दिवस तिनं त्या भट्टीत काढले. ओली ओढणी डोक्यावर, पाय पाण्याच्या बादलीत, नजर आकड्यावर. मी ताक नेऊन द्यायची आणि पळून यायची. रहीमभाईंनी एकदा डोकावलं आणि कूलरच्या बटणाकडे हात नेला. बहिणीचा लालबुंद चेहरा त्यांना पाहवला नाही. ती इतक्या जोरात ओरडली की माझ्या हातातले कागद पडले.

शेवटच्या दिवशी शेवटच्या जोडप्याचं रेंडर सुरू होतं. तेव्हा मोबाइलवाला जागा पाहायला आला, सोबत रहीमभाई. मी पण भिंतीला कान लावणं सोडून सरळ तिथे जाऊन उभी राहिले. मोबाइलवाल्यानं मोजपट्टी काढली, इकडून तिकडे लावली, घाम पुसला. "कूलर लावा ना भाऊ, जीव जाऊन राहिला," म्हणाला.

 रहीमभाई यास्मीनच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे पाहू लागले. आकडा एकदम वर गेला.  रहीमभाईंचे ओठ हलत होते, दुआ करत असावेत. मंडपात अक्षता पडल्या, नवरीनं हार घातला, पडदा काळा झाला नाही. मशीननं टिंग केलं आणि डीव्हीडीचा ट्रे बाहेर आला.

यास्मीननं डीव्हीडी उचलली, मार्करनं तिच्यावर नवरानवरीची नावं लिहिली आणि बाकीच्या गठ्ठ्यावर ठेवली.

मोबाइलवाला मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, "मंग भाऊ, जागा कधी खाली होते?"

"कोनती जागा?" रहीमभाई म्हणाले. "हे माह्या बहिनीचं दुकान हाये."