माझ्यासाठी कागदी कप

काकूंनी माझ्यासमोर ठेवलेला चहाचा स्टीलचा पेला उचलला आणि कागदी कप आणून ठेवला. बाकी सगळ्यांच्या हातात पेलेच होते.

"पेले कमी पडले गं," म्हणाल्या. उचललेला पेला ट्रेमध्ये तसाच वाफाळत होता.

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका हॉलमधली शनिवारची मराठी शाळा. एरवी मी सेकंडरी स्कूलमध्ये हिस्टरी शिकवते. त्या दिवशी ही शाळा चालवणाऱ्या काकूंच्याच आग्रहाने मुलांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा हक्कांचा लढा शिकवायला गेले होते. फोटो दाखवला. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा. मुलं चिडली. एक पोरगी म्हणाली, "मिस, आपल्या लोकांनी पण असा केला? लाइक, सिरियसली?"

मी तोंड उघडायच्या आत मागून काकू बोलल्या, "छे गं! आपल्यात नव्हतं असलं काही."

मी पुढचा फोटो दाखवला. पाहुणी ना!

मग चहा. मग कौतुक. "किती छान शिकवलंस! आडनाव काय म्हणालीस?" सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. काकूंचं हसू मावळलं आणि पेला उचलला गेला.

काकू डॉक्टर आहेत. हॉस्पिटलमध्ये दिवसभर कुणाच्याही अंगाला हात लावतात. माझ्या ओठांचा मात्र विटाळ! माझ्या आजोबांची कपबशी गावच्या हॉटेलाबाहेर वेगळी असायची. प्यायची, स्वतःच धुवायची, जागेवर ठेवायची. ते मुकाट धुवायचे. तीच कपबशी इथवर आली होती. आता धुवायचीही नाही, फेकून द्यायची.

माझं डोकं सणकलं. कप आणि तो पेला, दोन्ही उचलून मी मुलांच्या टेबलावर ठेवले.

"मघाचा प्रश्न राहिला," मी म्हणाले. "हो, आपल्या लोकांनी पण केलं. अजून करतात. हा पेला सगळ्यांचा. हा कप माझा. आत्ता मिळाला, आडनाव सांगितल्यावर."

"अगं, मुलांसमोर काय हे! धिस इज नॉट द प्लेस!" काकू ओरडल्या.

"मुलांनीच विचारलंय, काकू."

पेल्यातला चहा मी तिथेच, उभ्याने प्यायले. निवला होता. तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पुन्हा बोलावणं आलं नाही. येणारही नाही. मी स्वतःच्या शनिवारच्या वर्गासाठी लायब्ररीत खोली घेतली आहे. ज्यांना मुलं पाठवायची ते पाठवतील. पहिल्या दिवशी फळ्यावर माझं आडनाव लिहिणार, मोठ्या अक्षरात. मग अमेरिका.