बिनबैठकीची खुर्ची

मी कतारमध्ये, मेसईदच्या एका कारखान्यात वेल्डर. एकदा मला दोह्याला एका जपानी कलाकाराच्या हाताखाली पाठवलं. या म्हातारबाबांनी जन्मभर निरुपयोगी वस्तूच घडवल्या होत्या: बिनबुडाची घागर, भोकाभोकांची छत्री. आता प्रदर्शनासाठी त्यांना लोखंडी खुर्ची हवी होती. त्यांच्या चित्रात पाय होते, पाठ होती, पण बसायची जागाच नव्हती. मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील. मी आपणहून जाड पत्रा जोडला आणि घासून गुळगुळीतही केला.

सकाळी ते आले, खुर्चीभोवती फिरले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "अरे, यावर माणूस बसेल!"

"बसेल की! हत्ती बसला तरी हलणार नाही," मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग गुडघे धरून हळूच तिच्यावर बसले आणि करक, म्हणजे इकडचा दाट वेलचीचा चहा मागवला. चवीचवीनं तो संपवला. मी मनात म्हटलं, पसंत पडली.

"फार छान खुर्ची आहे," ते उठत म्हणाले. "आता बैठक कापून टाक."

जड हातानं मी ग्राइंडर चालवला.

उद्घाटनाला मोठमोठे साहेब त्या पोकळीकडे बघून माना डोलवत होते. आमचा कोल्हापूरचा फोरमन मात्र माझ्या कानाशी लागला, "काय रं, पत्रा कमी पडला व्हय?"